सरावसंचाच्या मथळ्यात लपलेलं उत्तर

एक घंटा दर 12 मिनिटांनी वाजते, दुसरी दर 18 मिनिटांनी. सकाळी 8 वाजता दोन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम किती वाजता वाजतील?

पहिल्या सत्राच्या पेपरात सातवीला मी हे उदाहरण घातलं होतं. पटावर 34 मुलं. दिवाळीच्या सुट्टीत गठ्ठा तपासायला घेतला आणि पाचव्या-सहाव्या पेपरापासून एकच उत्तर पुन्हा पुन्हा दिसू लागलं: 8 वाजून 6 मिनिटांनी. 12 आणि 18 चा मसावि, म्हणजे दोघांनाही पूर्ण भाग घालवणारी मोठ्यात मोठी संख्या, 6, म्हणून 8 वाजून 6 मिनिटं. पायऱ्या नीट, अक्षर सुबक, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. आता 8 वाजून 6 मिनिटांनी त्या दोन घंटांपैकी एकही वाजत नाही. पहिली वाजायलाच 8 वाजून 12 मिनिटं व्हावी लागतात. इथे हवा होता लसावि, म्हणजे दोघांच्याही पाढ्यात येणारी लहानात लहान संख्या: 36, म्हणून 8 वाजून 36 मिनिटं. पण हे निम्म्याहून जास्त वर्गाला खटकलंच नव्हतं.

मला राग आला तो याचा नव्हे. जुलैमध्ये याच मुलांनी लसाविचा सरावसंच जवळजवळ बिनचूक सोडवला होता. त्यातही अशीच उदाहरणं होती, आणि मीच त्या वह्यांवर लाल पेनने 'छान' लिहिलं होतं. मग जुलैचं ते 'छान' खरं की ऑक्टोबरचं हे 8 वाजून 6 मिनिटं खरं?

आमची शाळा तासगाव तालुक्यातली, पाचवी ते दहावीची, अनुदानित. आजूबाजूला द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं. बहुतेक मुलांच्या घरी बाग तरी असते किंवा घरचं कुणी तरी बागेत मजुरीला जातं. मी इथे 19 वर्षं गणित शिकवतो. हे सांगायचं कारण एवढंच, की 19 वर्षं मी ऑक्टोबरात हाच राग अनुभवला आणि 19 वर्षं तो मुलांवरच काढला.

स्टाफरूममध्ये निदानं तयार असतात. सुट्टी लागली की मुलं विसरतात. मोबाइलने वाट लावली. सातवीला नापास करायचं नाही म्हटल्यावर अभ्यास कोण करतंय. यात थोडं थोडं खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच पुढे कुणी विचार करत नाही. मीही केला नसता. पण दिवाळीनंतर एका मुलीशी दोन मिनिटं बोलणं झालं.

ती तिसऱ्या बाकावर बसते. वही कायम पूर्ण, अक्षर मोत्यासारखं. तिनेही 8 वाजून 6 मिनिटंच लिहिलं होतं. मी तिची जुलैची वही मागवली आणि लसाविच्या सरावसंचातलं एक बरोबर सोडवलेलं उदाहरण तिच्यासमोर ठेवलं.

"इथं लसावि का काढलास?"

"सर, लसाविचाच सरावसंच हाय की."

"पण उदाहरण वाचलं होतंस का?"

ती जरा वेळ गप्प. मग खरं बोलली. "आकडे वाचले होते."

वही पुन्हा पाहिली तेव्हा दिसलं, की तिने उदाहरणाची भाषा उतरवलीच नव्हती. फक्त दोन संख्या आणि त्यांचे अवयव. सरावसंचात आठ उदाहरणं होती, आठही बरोबर, आणि ती सोडवताना एकदाही तिला ठरवावं लागलं नव्हतं की इथे काय करायचं. ते काम मथळ्याने आधीच करून ठेवलं होतं. परीक्षेत मथळा नव्हता. तिथे पहिल्यांदाच तिच्यावर निवडायची वेळ आली, आणि निवडायला मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक तास मी याच्यासाठी मोडला. फळ्यावर दहा उदाहरणं लिहिली आणि सांगितलं, सोडवायचं नाही, फक्त रीत लिहायची. मुलांना आधी हा आराम वाटला. पाच मिनिटांत कुजबुज सुरू झाली. एक उदाहरण असं होतं: 60 डाळिंबं आणि 84 पेरू खोक्यांत भरायचे आहेत, एका खोक्यात एकाच जातीचं फळ, प्रत्येक खोक्यात फळांची संख्या सारखी, आणि खोकी कमीत कमी लागली पाहिजेत. बहुतेकांनी लसावि लिहिला. का? 'कमीत कमी' म्हटलंय म्हणून. आता खोकी कमी लागायची तर एकेका खोक्यात जास्तीत जास्त फळं बसली पाहिजेत, म्हणजे मसावि, 12. डाळिंबांची 5 खोकी, पेरूंची 7. 'मोठ्यात मोठा म्हटलं की मसावि, लहानात लहान म्हटलं की लसावि' ही युक्ती मुलांना कुणी सांगितली म्हणून मी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मथळ्याचं हे प्रकरण काही नवं नाही. लहानपणी आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायची. पाढे, पावकी, निमकी. वही नाही, पुस्तक नाही, रोज तोंडाने आठवून म्हणायचं. आठवून म्हणण्याची ही जुनी रीत किती शहाणी होती ते मला फार उशिरा कळलं. पण तिच्यातही एक गोम होतीच. सातचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या पोराला मध्येच 'सात आठे?' म्हणून विचारा. ते मनातल्या मनात सात एके सातपासून धावत येतं. पाढा येतो, पण क्रमाचा हात धरूनच. माझ्या वर्गाला गणित येत होतं ते असंच, सरावसंचाचा हात धरून.

पाठ्यपुस्तकाला दोष द्यावा तर तोही धड देता येत नाही. बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात 'संकीर्ण प्रश्नसंग्रह' आहे. सगळ्या प्रकरणांची उदाहरणं एकत्र, मथळ्याविना. नेमकं हवं ते तिथे छापलेलं आहे. त्याचं आम्ही काय करतो? अभ्यासक्रम संपवायची घाई असते, म्हणून तो 'सुट्टीचा गृहपाठ' होतो, आणि सुट्टीनंतर गाइडमधून उतरवलेला परत येतो. पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं पान मी 19 वर्षं दिवाळीच्या फराळाबरोबर घरी पाठवत होतो.

याच सुमारास आमच्याकडे आंतरवासितेसाठी एक बी.एड.ची विद्यार्थिनी आली होती. तिला कृती संशोधनाचा अहवाल करायचा होता. मी तिला घंटांचं उदाहरण सांगितलं. चार दिवसांनी तिने मला काही शोधनिबंधांची टिपणं आणून दिली आणि म्हणाली, "सर, तुमचं 'छान' यात सापडलं."

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका प्रकारची सगळी उदाहरणं, मग दुसऱ्या प्रकारची, असा सराव केला. दुसऱ्या गटाला तीच उदाहरणं पत्ते पिसावेत तशी पिसून दिली. सराव चालू असताना पहिला गट 89 टक्के बरोबर होता, दुसरा 60 टक्के. हे पाहणारा कुठलाही शिक्षक पहिल्या गटाच्या वह्यांवर 'छान' लिहील. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा पहिला गट 20 टक्क्यांवर आला. दुसरा 63 वर होता.

कॉलेजचं कॉलेजपाशी, असं मी म्हणणार होतो, तर तिने पुढचं पान काढलं. 2015 मध्ये रोहरर आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग शाळेत केला, तोही सातवीच्याच मुलांवर. सराव संपल्यावर आधी उजळणी घेतली आणि मग परीक्षा. एका दिवसाने परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सराव केलेल्यांना 80 टक्के, एकेक प्रकार उरकलेल्यांना 64. तीस दिवसांनी घेतली तेव्हा 74 आणि 42. पुढे 2020 मध्ये सातवीच्याच 54 वर्गांवर मोठी चाचणी झाली. सरावानंतर महिन्याने, न सांगता घेतलेल्या परीक्षेत 61 विरुद्ध 38 टक्के. मला यात एक गोष्ट खास वाटली. काळ जातो तसं मिसळून शिकलेल्यांचं फारसं गळत नाही, दुसऱ्यांचं गळतं. 'मुलं विसरतात' हे स्टाफरूमचं वाक्य अर्धंच होतं म्हणायचं. कशी शिकली त्यावर किती विसरतात हे ठरतं.

दुसरं टिपण रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या कामाचं. उतारा चार वेळा वाचणारा एक गट, आणि एकदाच वाचून नंतर तीन वेळा न बघता आठवून लिहिणारा दुसरा. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, 83 ला 71. आठवड्याने विचारलं तर पारडं उलटलं, 40 ला 61. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा कुणाला होता? पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना.

हे वाचताना मला आमच्याकडच्या कृती संशोधनाच्या फायली आठवल्या. मी स्वतः दोन केल्यात, आणि दुसऱ्यांच्या कितीतरी चाळल्यात. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, आलेख, निष्कर्ष: 'उपक्रम परिणामकारक आढळला.' परिणामकारक न आढळलेला उपक्रम मी अजून पाहिलेला नाही. कारण सोपं आहे. उत्तरचाचणी उपक्रम संपतो त्याच आठवड्यात होते, बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी. वरचे आकडे खरे असतील तर शिकवण्याची पद्धत चांगली की वाईट हे नेमकं त्याच दिवशी दिसत नाही. कधी कधी उलटंच दिसतं. दोन्ही चाचण्यांचे प्रश्न पुन्हा त्याच घटकावरचे, म्हणजे मथळा आहेच. त्या विद्यार्थिनीला मी म्हटलं, तुझी उत्तरचाचणी मार्चअखेर घे. ती हसली. अहवाल फेब्रुवारीत द्यायचा होता. तिने शेवटी 'बौद्धिक खेळांचा परिणाम' हा विषय घेतला आणि उपक्रम परिणामकारक आढळला.

मी मात्र दुसऱ्या सत्रात बदल करायचं ठरवलं. समोर समप्रमाण-व्यस्तप्रमाण, सरळव्याज, वर्तुळ, परिमिती-क्षेत्रफळ, पायथागोरस अशी प्रकरणं होती. शिकवणं फारसं बदललं नाही. बदलला तो गृहपाठ आणि तासाची पहिली सात-आठ मिनिटं.

तास सुरू झाला की वह्या बंद. फळ्यावर तीन उदाहरणं: एक कालचं, एक आठवड्यापूर्वीचं, एक महिना-दीड महिन्यापूर्वीचं. मुलं मागच्या कोऱ्या पानावर सोडवणार, मी उत्तरं लगेच सांगणार, मुलांनी स्वतःच तपासायचं. मार्क नाहीत, नोंद नाही. सुरुवातीला मी उत्तरं दुसऱ्या दिवशी सांगायचो, तेवढाच वेळ वाचायचा. ती चूक होती. रात्रभर चुकीचं उत्तर डोक्यात घेऊन झोपलेलं पोर सकाळी ते अधिक ठामपणे सांगतं.

गृहपाठ मी पुस्तकातूनच द्यायचो, पण सरावसंच फोडून. आज शिकवलेल्यातली तीन, बाकीची पाच मागच्या प्रकरणांतली, क्रम विस्कटून. उरलेली उदाहरणं पुढच्या आठवड्यांत पेरायची. एकूण उदाहरणं तेवढीच, एकही वाढवलं नाही. आणि एक सक्ती: सोडवण्याआधी एका ओळीत रीत का निवडली ते लिहायचं. ही ओळ मुलांना सगळ्यात जड गेली. 'कारण व्यस्तप्रमाण आहे' असं लिहून आणायची. व्यस्तप्रमाण का आहे, ते सांग बाळा. 'मजूर वाढले की दिवस कमी होतात' इथपर्यंत यायला डिसेंबर उजाडला.

या सगळ्याचा पहिला परिणाम वाईट झाला. वह्यांत लाल रंग वाढला. आधी आठपैकी आठ आणणारी मुलं चार-पाचवर आली. रॉबर्ट ब्योर्क या मानसशास्त्रज्ञाने अशा अडथळ्यांना 1994 मध्ये एक नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ होतो 'हवीशी अडचण'. कागदावर हे छान वाटतं. वर्गात ती अडचण कुणालाच हवीशी नव्हती, मलाही. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी एकदा रडली. जिने कधी चुकीची फुली बघितली नव्हती तिला रोज तीन दिसत होत्या.

जानेवारीच्या पालक सभेला तिचे वडील आले. त्यांची तीन एकर बाग आहे. बसल्या बसल्या म्हणाले, "सर, पोरगी आधी बरी हुती. आता रोज चुकतीय. शिकवणीला घालू का?"

मी समजावायला गेलो. आणि मला वाटलं, द्राक्षबागायतदाराला द्राक्षाचाच दाखला द्यावा. म्हटलं, "आबा, एप्रिलमध्ये खरडछाटणी झाली की बाग कशी बोडकी दिसते? बघवत नाही. पण त्याशिवाय पुढं घड धरतो का?"

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "बागेचं मला ठावं हाय. फळछाटणी झाली की एकशेवीस-तीस दिवसांत माल हातात येतो. तुमच्या या छाटणीला किती दिवस लागत्यात, ते सांगा की."

मला उत्तर नव्हतं. मार्चअखेर बघू, म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती मान पटल्याची नव्हती, सरांसमोर वाद नको म्हणून हलवलेली होती. मुलीला शिकवणीला घातलं त्यांनी. तिथे सरावसंच क्रमानं सोडवून घेतात.

मुख्याध्यापकांची अडचण वेगळी. त्यांनी वह्या पाहिल्या आणि म्हणाले, उद्या विस्तार अधिकारी आले तर यात कुठलं प्रकरण कुठं संपलं ते दाखवायचं कसं? ही शंका मी हसण्यावारी नेली नाही. मी शेवटच्या पानावर प्रकरणनिहाय तक्ता करायला लावला. त्यातला अर्धा वेळ वायाच गेला, पण शांतता राहिली.

आता माझ्या चुका. एक वर सांगितली. दुसरी मोठी. पायथागोरसचा सिद्धांत शिकवला आणि दुसऱ्याच उदाहरणापासून मी तो परिमिती, क्षेत्रफळ, वर्तुळ यांच्यात मिसळून टाकला. मिसळण्याची नशा चढली होती म्हणा ना. मागच्या दोन रांगा एकदम कोसळल्या. कर्ण कुठला हेच ज्याला धड दिसत नाही, त्याला 'इथे पायथागोरस लावायचा का' हे विचारणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून दिशा विचारण्यासारखं आहे. पुन्हा मागे आलो. दोन पूर्ण सोडवलेली उदाहरणं फळ्यावर, मग त्याच जातीची तीन-चार मुलांनी, आणि दोन दिवसांनी मिसळायला सुरुवात. आधी एका जातीचा थोडा सराव लागतोच. तो आठ-दहा उदाहरणं चालवायचा नसतो, एवढंच. कुठे थांबायचं याचं ठरावीक माप मला सापडलेलं नाही. मी मागच्या रांगेतल्या दोघांच्या वह्या बघून ठरवतो.

आणि एक तास असा गेला की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. समप्रमाण-व्यस्तप्रमाणाच्या मिश्र संचात मी एक उदाहरण घुसवलं: बेदाण्याच्या शेडमध्ये एका रॅकवरची द्राक्षं वाळायला 15 दिवस लागतात, तर चार रॅकवरची वाळायला किती दिवस लागतील? सगळा वर्ग एका सुरात: साठ! कारणाच्या ओळीत 'रॅक वाढले की दिवस वाढतात' असंसुद्धा लिहून झालं होतं. एक मुलगा तेवढा तोंड दाबून हसत होता. त्याच्या काकांचं शेड आहे. "सर, साठ दिवस ठिवली तर मातीच हुईल की त्याची." सगळे रॅक एकदमच वाळतात, हे त्या वर्गातल्या निम्म्या मुलांना घरी ठाऊक होतं. शाळेच्या उंबऱ्यावर ते चपलांबरोबर बाहेर राहिलं होतं. बेल्जियममधल्या संशोधकांनीही हे टिपलेलं आहे: प्रमाण शिकवलं की मुलं जिथे तिथे प्रमाण लावतात, संबंध असो नसो. त्या दिवसापासून प्रत्येक मिश्र संचात मी एक असं उदाहरण ठेवू लागलो, ज्याला यातली कुठलीच रीत लागत नाही. मुलं त्याला 'रॅकचं उदाहरण' म्हणायला लागली. संच हातात आला की आधी रॅक शोधायची. म्हणजे उदाहरणं वाचायला लागली.

सगळ्यांना याचा उपयोग झाला असं नाही. मागच्या रांगेतल्या तिघांचा प्रश्न गणिताचा नव्हताच, त्यांना दोन ओळींचं मराठी वाक्य अर्थ लावून वाचता येत नव्हतं. त्यांना रीत निवडायला सांगणं निरर्थक होतं. जुन्या पद्धतीत, मथळ्याच्या आधाराने, ते निदान काही तरी बरोबर आणत; नव्यात त्यांचं उघडं पडलं. त्यांच्यासाठी वेगळं वाचन घ्यायला हवं होतं. ते मी फेब्रुवारीत सुरू केलं, म्हणजे फार उशिरा.

आणि बीडकडचा एक मुलगा होता. ऊसतोडीच्या टोळीबरोबर त्याचे आईवडील दर हंगामाला इकडे येतात. नोव्हेंबरात वर्गात बसू लागला, डोकं तल्लख. 'महिन्यापूर्वीचं उदाहरण' फळ्यावर आलं की त्याच्याकडे महिन्यापूर्वीचं काही नसायचं. तेव्हा तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या शाळेत, किंवा कुठेच नव्हता. मी त्याला वेगळा कागद द्यायचो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी परतली. शेवटच्या चाचणीला तो नव्हता.

ती चाचणी मार्चअखेरीस घेतली, न सांगता. दोन्ही सत्रांतली उदाहरणं, मथळे नाहीत. निकालाची टक्केवारी मी मुद्दाम काढलेली नाही. एकच वर्ग, तुलनेला दुसरा नाही, शिकवणारा मीच आणि तपासणाराही मीच. अशा टक्केवारीचा आलेख काढला तर माझाही उपक्रम परिणामकारक आढळेल. पेपरांत काय दिसलं तेवढं सांगतो.

घंटांच्या जागी मी एसटी घातली होती. तासगाव स्टँडवरून एक गाडी दर 20 मिनिटांनी सुटते, दुसरी दर 30 मिनिटांनी. सकाळी 8 वाजता दोन्ही एकदम सुटल्या. मसावि काढणारे पेपर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. चुका होत्याच. पाच-सहा जणांनी लसावि काढायचा म्हणून सरळ 20 गुणिले 30 केलं, 600 मिनिटं, म्हणून उत्तर संध्याकाळी 6 वाजता. हे चूक आहे, पण ऑक्टोबरसारखं चूक नाही. संध्याकाळी 6 वाजता त्या दोन गाड्या खरोखरच एकदम सुटतात. फक्त त्याआधीही बऱ्याचदा सुटलेल्या असतात. त्यातल्या एकाने उत्तराशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एवढा वेळ कोण थांबेल.'

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने 9 वाजता लिहिलं. लसाविच्या खाली तिने दोन ओळी केल्या होत्या. एकीत 8.20, 8.40, 9.00. दुसरीत 8.30, 9.00. दोन्ही 9.00 भोवती गोल. हे मी कधी शिकवलं नव्हतं, आणि शिकवणीतही शिकवलं नसणार असं मला वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही. बाकी पेपरात तिची चार उदाहरणं चुकली, त्यांतली दोन सरळव्याजाची.

एप्रिलमध्ये तिचे वडील बाजारात भेटले. खरडछाटणीची गडबड होती, घाईतच होते. मी दिवस सांगितले: दिवाळीपासून मार्चअखेर, म्हणजे पाच महिने. ते म्हणाले, "लई लागत्यात." मग थोडं थांबून, "आठवीला गणिताला तुम्हीच हाय का?"

मी नाही. आठवीला दुसरे सर आहेत, माझ्यापेक्षा कष्टाळू. शिष्यवृत्ती परीक्षेची मुलं तेच तयार करतात. शाळा सुटायच्या आदल्या दिवशी मी वर्षभराचे मिश्र संच एका फाइलमध्ये लावून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दोन-चार पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आले, चष्मा वर केला.

"सर, संच चांगले आहेत. पण वर सरावसंचाचा नंबरच नाही घातलात. पोरांना कळायचं कसं कुठल्या धड्यावरचं आहे ते?"